ब्रेस्ट रिडक्शनचं (छातीचा आकार कमी करायचं) ऑपरेशन ठरलंय (सोलापूर): आधीची तयारी आणि नंतरचे सहा आठवडे

जुळेसोलापूरची | ४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

हा धागा काढू का नको यात दोन महिने गेले. शेवटी म्हटलं, गुडघ्याच्या ऑपरेशनवर इथे शेकड्यानं प्रतिसाद पडतात, मग छातीनंच काय घोडं मारलंय.

वय ४१, शाळेत शिक्षिका, मुलं दोन (१५ आणि ११). उंची पाच फूट, वजन ६६. खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांचे वळ नाहीत, चक्क खाचा आहेत. बोट ठेवलं तर बोट बसतं. मान कायम आखडलेली, फळ्यावर लिहून घरी आले की करंगळीला मुंग्या. आणि उन्हाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला गेला की छातीच्या खालच्या घडीत आधी घामोळं, मग लाल चट्टे, मग ओली जखम. मी सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या चौकोनी घड्या करून तिथे ठेवते आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या बाथरूममध्ये बदलते. टॉवेलांच्या गावात राहून नशिबी धोतर!

"आधी वजन कमी करा" हे ऐकून झालंय. ७४चं ६६ केलं. पोट गेलं, गाल गेले, छाती जिथल्या तिथे. हाडाचे डॉक्टर, फिजिओ, त्वचेच्या डॉक्टर, चार वर्षं सगळ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी त्वचेच्या बाईच म्हणाल्या, "मलम मी देत राहीन, पण कारण तिथेच राहणार आहे."

आता प्लास्टिक सर्जनला दाखवलंय. पूर्ण भूल, अडीच-तीन तास, एक किंवा दोन रात्री दवाखान्यात. चाळिशी उलटली म्हणून मॅमोग्राम आधीच करून घेतला. तारीख दिवाळीच्या सुट्टीत, ६ नोव्हेंबर. डॉक्टरांनी डॉक्टरांचं सगळं नीट सांगितलं. पण "सहा आठवडे जड उचलायचं नाही" हे वाक्य ते इतक्या सहज बोलले की वाटलं, यांच्या घरी चोवीस तास नळ असणार. आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही कधी पहाटे तीनला. तेव्हा ज्या या वाटेनं गेल्यात त्यांनी घरची तयारी सांगा. आणि सासूबाईंना काय सांगू, हेही.

---

कडक_भाकरी | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

जुळे सोलापूर हे वस्तीचं नाव आहे हे माहीत आहे, तरी आयडीतलं 'जुळे' वाचून आधी हसून घेतलं. रागावू नकोस.

माझं सहा वर्षांपूर्वी झालं. एक युक्ती सांगते, ती मला कुणी सांगितली नव्हती. आज-उद्या सुट्टी बघून दोन दिवस दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून घरात वावर. खांद्याच्या वर हात न्यायचा नाही, दोन लिटरच्या बाटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. जिथे जिथे अडशील ते कागदावर लिही. माझा कागद दोन्ही बाजूंनी भरला. चहाची भांडी वरच्या फळीवर, कपाटाची कडी डोक्याच्या उंचीवर, बाथरूमचा गिझर वर, दोरीवर कपडे वाळत घालणं, केस विंचरणं, मिक्सरचं भांडं दाबणं, पाच लिटरचा कुकर, गादीवरून हाताचा रेटा देऊन उठणं. हे सगळं ऑपरेशनच्या आधी कमरेच्या उंचीवर आणायचं.

आणि भाकरी. थापताना खांद्यापासून हात चालतो, ते महिना-दीड महिना विसर. मी आमच्या गल्लीतल्या मावशींकडून पन्नास कडक भाकऱ्या करून घेतल्या होत्या. पंधरा-वीस दिवस काही होत नाही त्यांना. आमटीत चुरायच्या, वर शेंगाची चटणी. माझा आयडी तिथूनच आलाय.

---

सिस्टर_मंगळवेढा | ५ ऑक्टोबर, दुपारी २:५०

सर्जरी वॉर्डात अठरा वर्षं काढलीत, म्हणून थोडं दवाखान्याच्या बाजूनं.

आधी हिमोग्लोबिन बघ. आपल्याकडच्या निम्म्या बाया "मला काही त्रास नाही" म्हणत ९ घेऊन येतात. आज तपासलंस तर लोहाच्या गोळ्यांना महिना मिळतो. शुगर, थायरॉईड, बीपी असेल तर ते कागद बरोबर ठेव. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, पाळी पुढे ढकलायच्या किंवा कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, इतकंच काय पण आयुर्वेदिक काढे आणि लसणीच्या कॅप्सूलसुद्धा, जे जे पोटात जातं ते सगळं डॉक्टरांना सांग. बंद कुठली करायची आणि कधी, ते त्यांनीच ठरवायचं. आपल्या मनानं बीपीची गोळी बंद करून आलेल्या पेशंटची ऑपरेशनं टेबलावरून परत गेलेली बघितलीत मी.

आत काय करतात ते थोडक्यात. स्तनाग्र तोडून पुन्हा शिवतात असं बऱ्याच जणींना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. आतल्या मांसाचा एक देठ ठेवतात, त्यातून रक्तपुरवठा आणि संवेदना चालू राहते, आणि देठासकट ते वर सरकवतात. भोवतालची जास्तीची चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात. फारच मोठं माप असेल तर कधी ते सुटं करून कलम लावावं लागतं. मग तिथली संवेदना जाते आणि अंगावर पाजताही येत नाही. देठ ठेवला तरी संवेदना कमी होऊ शकते, आणि पुढे दूध पुरेसं येईलच याची खात्री कुणी देत नाही. तुला तो प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या तरुण मुलींनी डॉक्टरांना आधी विचारावं.

व्रण मोठा असतो, हे गृहीत धर. स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभा आणि बहुतेकदा खालच्या घडीत आडवा. जहाजाच्या नांगरासारखा. जुन्या जखमेवर गाठीसारखं कातडं वाढायची सवय असेल तर तेही आधीच सांग.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: तंबाखू. तू शिक्षिका आहेस, तू म्हणशील माझा काय संबंध. पण मी "तंबाखू खाता का" असं विचारत नाही, "मिश्री लावता का" असं विचारते. आणि उत्तर बदलतं.

---

अक्कलकोटची_सून | ५ ऑक्टोबर, रात्री ९:०५

सिस्टर, तुमची शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला. आमच्या मावशीचंच सांगते.

तिचं हेच ऑपरेशन झालं, वय ५२. डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट? नाही. तंबाखू? नाही हो, छे. दारू? कपाळाला हात. सगळं खरंच होतं. फक्त रोज सकाळ-संध्याकाळ ती मिश्री लावायची, चाळीस वर्षं, आणि ती तिच्या हिशेबी दात घासण्यात मोडत होती. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा लावून गेली, "तोंड कसं धुवायचं नाही?" म्हणून.

दहाव्या दिवशी खाली, उभा आणि आडवा टाका जिथे मिळतो तिथे जखम उघडली. रुपयाएवढी, मग दोन रुपयांएवढी. एका बाजूच्या स्तनाग्राची कड काळी पडली. अडीच महिने रोज ड्रेसिंग. डॉक्टर बिचारे कारण शोधत होते, शुगर तपास, प्रोटीन तपास. एक दिवस त्यांनी तिच्या उशाशी डबी बघितली. रागावले नाहीत, नुसते खुर्चीत बसले.

निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हे तेव्हा कळलं. मग ते धुरातून येवो नाहीतर हिरडीतून.

---

सिस्टर_मंगळवेढा | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

अगदी हेच. कमीत कमी चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, मिश्री, गुटखा, बिडी सगळंच. सोलापूरच्या पूर्वभागातून विड्या वळणाऱ्या पेशंट यायच्या तेव्हा आम्ही कामाबद्दलही डॉक्टरांना सांगून ठेवायचो. तंबाखूच्या भुकटीत दिवसभर हात असतात त्यांचे.

फक्त एक. मावशींच्या ज्या जागी जखम उघडली तिथे ती मिश्री न लावणाऱ्यांचीही कधीकधी थोडी उघडते. तीन शिवणी एकत्र येतात, ताण तिथे सगळ्यात जास्त. बोटाच्या पेराएवढी उघडली तर घाबरू नका, ड्रेसिंगवर भरून येते. पण डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे दाखवायचंच.

---

सत्यवचनी | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

देवानं दिलेल्या शरीराला कापाकापी कशाला? आमच्या आज्या-पणज्यांना काय हे नव्हतं? योगासनं करा.

*(या प्रतिसादाखालचे सात उपप्रतिसाद वैयक्तिक झाल्यानं काढले आहेत. – संपादक मंडळ)*

---

कडक_भाकरी | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

आमच्या आजीला होतं. ती दोन्ही हातांनी छाती उचलून धरून चालायची आणि सगळे तिला "मिरवते" म्हणायचे. बस एवढंच बोलते, नाहीतर माझाही काढतील.

---

पुण्यातली_सोलापुरी | ६ ऑक्टोबर, रात्री ८:२०

तू विचारलं नाहीस, पण ऑपरेशन पुण्यात करावं का सोलापुरात, याबद्दल. माझं पुण्यात झालं कारण मी तिथेच राहते, पण माहेरपणाला म्हणून आठव्या दिवशी गाडीनं सोलापूरला आले. अडीचशे किलोमीटर. महामार्ग चांगला आहे हो, पण सीटबेल्ट नेमका छातीवरून आडवा जातो. छोटी उशी मध्ये घातली तेव्हा निभावलं. तासातासाला उतरून चालायचं, पायात गुठळी नको म्हणून. टेंभुर्णीला उतरून मी गाडीभोवती फेऱ्या मारत होते आणि ढाब्यावरचा पोरगा विचारत होता, "काकू, काय हरवलं का?"

गावातच चांगला सर्जन असेल तर गावातच कर. ड्रेसिंगला तीन-चार वेळा जावं लागतं, रात्री दोनला एक बाजू टणक झाली तर हुतात्मा एक्स्प्रेसची वाट बघणार का? फक्त डिग्री बघ. एम.एस.नंतर प्लास्टिक सर्जरीतलं एम.सीएच. किंवा डी.एन.बी. हवं. नुसतं "कॉस्मेटिक" लिहिलेल्या चकचकीत पाट्यांचं सध्या पीक आलंय. आणि खर्च विचारताना आत काय काय धरलंय ते विचार. मला दोन ठिकाणी सांगितलेल्या आकड्यांत चांगला फरक होता. नीट बघितलं तर स्वस्त ठिकाणी भूलतज्ज्ञ, काढलेल्या मांसाची तपासणी आणि सर्जिकल ब्रा वेगळ्या होत्या. बेरीज जवळपास तीच.

---

होटगीरोड | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:००

विम्याचं कुणी बोललं नाही. पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, पण तेच कलम शेवटपर्यंत वाचा. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती, किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार म्हणून गरजेची असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर अपवाद आहे. "थेट आणि तातडीचा" या दोन शब्दांवर सगळं अडतं. तेव्हा मानेचे एक्स-रे, फिजिओच्या पावत्या, त्वचेच्या चिठ्ठ्या, सगळं तारीखवार लावा. अर्ज आधी करा, ऑपरेशन नंतर. मिळेलच असं नाही. माझ्या बायकोच्या वेळी पहिल्यांदा नाकारलं, कागद जोडून पुन्हा पाठवलं तेव्हा थोडं मिळालं.

---

टॉवेलवाला | ७ ऑक्टोबर, रात्री ११:१५

पुरुष आयडी आहे, इथे बोलावं का कळत नव्हतं. बायकोचं हेच ऑपरेशन डिसेंबरमध्ये आहे. मी काय करायचं असतं? ती म्हणते, "तुम्ही फक्त मध्ये मध्ये करू नका."

---

कडक_भाकरी | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

मध्ये मध्येच करा. पाणी भरा. पहाटे तीनला उठून, हाक न मारता. पहिले दोन दिवस तिला उठवताना हाताला धरून ओढू नका, पाठीमागे हात घालून आधार द्या. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढायची नळी) असेल तर त्यात किती मिली जमलं ते वहीत लिहा. केस धुवून द्या, ती खुर्चीवर मागे मान टाकून, तुम्ही मागे मग घेऊन. आणि पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा बघाल तेव्हा तोंड सांभाळा. पहिल्या आठवड्यात ते सुजलेलं, चौकोनी, निळं-पिवळं आणि गळ्याला लागलेलं दिसतं. तसं राहत नाही.

---

बार्शी_लाईट | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

माझी मुलगी १६ वर्षांची, खो-खो खेळायची. गेल्या वर्षी सोडला. कारण सांगत नव्हती, शेवटी बाथरूममध्ये ती दोन ब्रा एकावर एक घालताना दिसली. या वयात करतात का?

---

सिस्टर_मंगळवेढा | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

करतात, पण घाई करत नाहीत. वाढ थांबलेली हवी, माप काही काळ स्थिर हवं, नाहीतर पुन्हा वाढतं. आधी दाखवून ठेव, तपासण्या होतील. तोवर नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा घे. आपल्याकडे माप न घेता "३८ द्या" म्हणून पाकीट उचलतात. आणि खो-खो सुटला यावर तिच्याशी एकदा बोल. ऑपरेशनबद्दल नको, नुसतं खो-खोबद्दल.

---

जुळेसोलापूरची | २ नोव्हेंबर, रात्री ११:५०

कोपरं चिकटवून दोन दिवस काढले. धाकटा विचारत होता, "आई, पेंग्विन झालीस का?" कागद भरला. सगळे डबे खाली आले, स्वयंपाकघर लहान मुलांच्या भातुकलीसारखं दिसतंय.

सासूबाईंना सांगितलं. मी आठ दिवस वाक्य जुळवत होते: मान, मणका, डॉक्टरांचा सल्ला वगैरे. त्या पणत्यांच्या वाती वळत होत्या, वळता वळता म्हणाल्या, "म्हणजे छाती कमी करलालीस का?" मी म्हटलं, हो. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "माझ्या धोतराच्या घड्या कोण नेतंय ते मला माहीत होतं." त्यांचं धोतर नव्हे, मामंजींचं, पण कपाट त्यांचं. आणि मग, सिस्टर, धाग्यातलं तुमचं वाचून मी विचारलं, "तुम्हाला काय हो, कधी त्रास?" त्यांनी वात खाली ठेवली. ते इथे लिहीत नाही.

पिशवी भरली: पुढून बटणांचे दोन गाऊन, पुढून हुक असलेल्या दोन सर्जिकल ब्रा, चार्जरची लांब वायर, इसबगोल (दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही म्हणे), स्लीप-ऑन चपला. पलंगावर लोड आणि तीन उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपायची सवय करतेय. पाण्याचं गणित मांडलं. पाणी ४ आणि ९ तारखेला. म्हणजे मी ऐन तिसऱ्या दिवशी पहाटे घागरींचा आवाज ऐकत पडून राहणार.

---

जुळेसोलापूरची | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

झालं. एका हातानं टाईप करतेय.

सकाळी भूल द्यायच्या आधी डॉक्टरांनी उभं करून पेननं खुणा केल्या. अर्धा तास. हे उभ्यानंच करतात, कारण आडवं झालं की सगळं बाजूला पसरतं आणि माप चुकतं. एक परका माणूस माझ्या छातीवर भूमितीची आकृती काढतोय आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोळे लावून उभी. लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. ब्लाउज शिवणाऱ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन मापत होते.

उजवीकडून ६१० ग्रॅम काढलं, डावीकडून ५४०. मिळून साडेअकराशे ग्रॅम. भाजीवाली वरून कोथिंबीर टाकून सव्वा किलो करेल एवढं. दुखणं मला वाटलं त्याच्या निम्मं. खरा त्रास ड्रेनचा, नळी हलली की आत खेचतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही काढले. पहिल्याच संध्याकाळी उठवून चालवलं.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं. नवरा आणि थोरला भरत होते. घागर हौदाला आपटली की मला कळत होतं कुठली घागर. आणि तेव्हा मी रडायला लागले, काही कारण नसताना. थोरला दारात येऊन म्हणाला, "दुखतंय का?" म्हटलं, नाही रे, तू घागर फार भरतोस, सांडतंय.

---

सिस्टर_मंगळवेढा | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं रडणं येतं बऱ्याच जणींना. भूल, गोळ्या, झोप नाही, सगळं मिळून. पण या गोष्टींत फोन करायला सकाळची वाट बघू नकोस: एकच बाजू अचानक फुगून टणक झाली, स्तनाग्र काळं-निळं पडलं, १०१च्या वर ताप, जखमेतून घाण वास किंवा पू, एका पोटरीत दुखून सूज, किंवा दम लागला. शेवटच्या दोन्हींत फोनही नको, सरळ दवाखाना गाठ.

---

जुळेसोलापूरची | २८ नोव्हेंबर, रात्री ९:१५

तीन आठवडे. ज्यांना पुढे करायचंय त्यांच्यासाठी, जसं आठवेल तसं.

वजनकाट्यावर पहिले दहा दिवस एक ग्रॅम कमी दिसलं नाही, उलट वाढलं. सूज. खास काटा आणून उभी राहिले होते, हिरमोड झाला. मांस तपासणीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले आणि ते आठ दिवस ऑपरेशनपेक्षा जड गेले. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, आता आतली ठेवण बदललीय, तेव्हा काही महिन्यांनी नवा मॅमोग्राम काढून ठेवू, पुढच्या तपासण्या त्याच्याशी ताडून बघायला. ऑपरेशन झालं म्हणून तपासणी सुटत नाही.

मधूनच आतून करंट बसल्यासारखी कळ येते, नसा जाग्या होतायत म्हणे. खाज अशी की देवा. डावीकडे खाली, सिस्टरनी सांगितलेल्या नेमक्या त्याच जागी, हरभऱ्याएवढी जखम उघडली. मी मिश्री लावत नाही हो! दोन आठवडे ड्रेसिंग, आता भरत आलीय. आधी वाचलेलं नसतं तर मी त्या रात्री घर डोक्यावर घेतलं असतं.

स्कूटी अजून नाही. चालवता येईल, पण आमच्या कोपऱ्यावरचे खड्डे आणि गतिरोधक बघता चाकावर बसायची हिंमत नाही. शाळेत सोमवारपासून जाणार, डॉक्टरांनी हो म्हटलंय, फळ्यावर मात्र मुली लिहिणार. भेटायला येणाऱ्यांचं एक सांगायचं राहिलं. सगळ्या बायका आधी तोंडाकडे बघतात, मग झटकन खाली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. शेजारच्या काकूंनी मात्र सरळ विचारलं, "दाखव की गं." दाखवलं. म्हणाल्या, "बरं केलंस, मला कुणी सांगितलंच नाही असं असतंय म्हणून."

---

होटगीरोड | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

विम्याचं काय झालं?

---

जुळेसोलापूरची | २९ नोव्हेंबर, रात्री १०:००

नाकारला. कारण एका ओळीचं. चार वर्षांच्या चिठ्ठ्या लावून पुन्हा पाठवलाय. बघू.

---

जुळेसोलापूरची | १५ जानेवारी, रात्री ८:४५

दहा आठवडे. सहाव्या आठवड्यानंतर उचलायची परवानगी मिळाली, पण हळूहळू. पहिल्यांदा अर्धी घागर उचलली तेव्हा घरातले चौघे बघत उभे होते, जशी काही मी सिद्धेश्वर यात्रेतला नंदीध्वज पेलतेय.

गड्ड्याला, म्हणजे त्याच यात्रेला, गेलो. अक्षता सोहळ्याला दरवर्षी आत घुसते, यंदा गर्दीत कोपर लागेल म्हणून लांबूनच टाकल्या. यात्रेत तीन तास उभी होते. घरी आल्यावर लक्षात आलं की मानेवर हात गेला नाही एकदाही. सवयीनं बामची बाटली शोधली, सापडली नाही, आणि शोधायचं सोडून दिलं.

ब्लाउज मात्र शिवून घेऊ नका कुणी लगेच. मी महिन्यातच चार शिवले. सूज उतरली तशी चारही बिघडले. नवी पेठेतल्या टेलरनं माप घेताना जुनी वही उघडली, आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "ताई, हे माप तुमच्या बहिणीचं का?" मी हो म्हटलं.

---

टॉवेलवाला | १६ जानेवारी, सकाळी ७:३०

आमचंही झालं, पाच आठवडे. पाणी मी भरतोय. ती म्हणते, आता सवय लागलीय तर सोडू नका.

---

जुळेसोलापूरची | ९ मे, दुपारी १:१०

आज पारा ४३. छातीखाली काही नाही. घडी नाही, मलम नाही, धोतर नाही. व्रण अजून लालसर आहेत, वर्ष-दीड वर्षात फिके होतील म्हणतात, सिलिकॉनचं जेल लावतेय. उजव्या बाजूची संवेदना निम्मीच परत आलीय. ते मी मान्य करून टाकलंय. विम्याचे थोडे पैसे आले, पुन्हा भांडायचा जीव नाही.

सासूबाईंना मागच्या आठवड्यात त्याच त्वचेच्या बाईंकडे नेलं. ऑपरेशन त्यांना करायचं नाही, ७१ वर्षं वय आहे, त्या म्हणाल्या, "माझं आता काय." पण पहिल्यांदा कुणीतरी बघितलं.

---

नवी_सभासद_२२ | ९ मे, रात्री १०:३०

ताई, सगळा धागा दोनदा वाचला. माझं २ जूनला आहे. एकच विचारायचं होतं, ड्रेन काढताना खूप दुखतं का?

---

जुळेसोलापूरची | ९ मे, रात्री १०:५०

नाही गं. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, खोल श्वास घ्या. घेतला, सोडेपर्यंत नळी बाहेर. दुखत नाही, विचित्र वाटतं, आतून कुणीतरी नाडी ओढून घेतल्यासारखं. मला सांग, तुझ्याकडे पाणी कुठल्या दिवशी येतं?